फोडायचा रंग

"रंग कोणता देऊ?" बियाण्यांच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, आणि समोर उभा असलेला म्हातारा पाकिटांवरून नजर फिरवत राहिला.

प्रश्न साधा होता. लाकडी खणात तीन प्रकारची पाकिटं उभी होती. तिन्हींवर त्याच एका फुलाचं चित्र होतं. एकावर केशरी, एकावर पिवळं आणि एकावर सगळ्या रंगांची मिश्र गर्दी. बोट दाखवायचं आणि घरी जायचं, एवढंच काम. पण ज्याला हे विचारलं होतं त्या माणसानं एकतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. मागून उजेड सोडलेल्या पांढऱ्या पडद्यासमोरून मिनिटाला साठ-सत्तर औषधाच्या बाटल्या सरकत जायच्या, आणि तो उंच स्टुलावर बसून त्यांतली बुडबुड्याची, चिरेची, वाकड्या मानेची, रंगानं किंचित हललेली बाटली नेमकी उचलून मागच्या पिंपात टाकायचा. बाकीच्यांना सगळ्या बाटल्या सारख्या दिसत, त्याला एकही तशी दिसत नसे. कारखान्यात त्याला नावानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं, सगळे तपासनीसच म्हणत. नोकरी संपून सात वर्षं झाली तरी मनातल्या मनात तोही स्वतःला तेच म्हणत असे. अशा माणसाला, बायकोनं एकोणीस वर्षं दारासमोर लावलेल्या फुलाचा रंग सांगता येईना.

"मधला," तो शेवटी म्हणाला.

"कशाच्या मधला?"

"केशरी नाही आणि पांढराही नाही. केशरी धुऊन काढल्यासारखा. आतून जरासा... गुलाबी नाही म्हणता येणार."

"काका, फुलं लावायचीयत की भिंत रंगवायचीय?" मुलगी हसली. तिचं हसणं वाईट नव्हतं, पण त्याच्यामागं उभी असलेली बाईसुद्धा हसली. "असला एकच रंग पाकिटात येत नाही हो. मिश्र न्या. निघतील त्यात पाच-दहा तसली."

"पाच-दहा नकोत. सगळी एकसारखी हवीत."

"मग ज्यांच्याकडे पाहिलीत ना, त्यांच्याकडूनच चिमूटभर बी मागून घ्या. सोप्पं."

त्यानं केशरी पाकीट उचललं. मिश्र घेतलं असतं तर निदान त्या पाच-दहांवर लेकीची समजूत घालता आली असती, हे त्याला बसमध्ये बसल्यावर सुचलं. पण तोवर दुकान चार थांबे मागं गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर परत गेला असता तरी त्याचा हात मिश्र पाकिटाकडे वळला नसता. सरमिसळ त्याला सोसतच नसे. लेक बारा वाजता येणार होती. आईच्या फुलांचं बी न्यायला. आणि आईच्या फुलांचा एक दाणासुद्धा घरात नव्हता.

त्या फुलाला पाकिटावर लांबलचक परदेशी नाव होतं. बायको त्याला दांडगी म्हणायची. ती बालवर्गाची शिक्षिका. वर्गात प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची सवय, त्यामुळे नवऱ्यालाही तीनदाच सांगायची, आणि तिसऱ्यांदा पहिल्याइतक्याच हौसेनं. "ही दांडगी आहे. हिचे लाड करायचे नाहीत. थंडी सरता सरता बी नुसतं मातीवर भुरभुरायचं, वरून हात फिरवायचा, संपलं. खत नको, छप्पर नको, थंडीचा एखादा चुकार दिवस आला तरी मरत नाही. फक्त ऊन पाहिजे, दिवसभराचं, आणि एकदा जिथं उगवली तिथून हलवायची नाही. मुळाला धक्का लागला की संपली." त्यावर तो म्हणाला होता, "एवढी दांडगी, आणि जागा बदलली की मरते?" बायको म्हणाली, "मग? तुम्हाला दुसऱ्या टेबलावर बसवलं होतं तेव्हा महिनाभर ताप नव्हता आला?" हे खरं होतं. कारखान्यात एकदा त्याची जागा बदलली होती आणि तो आजारी पडला होता. तिला असल्या गोष्टी बरोबर लक्षात राहत.

घरापुढं दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद असा मातीचा तुकडा होता, त्याला सावली कशाचीच नव्हती. समोर रस्ता, उजवीकडे शेजाऱ्याची बुटकी भिंत, डावीकडे दाराच्या तीन पायऱ्या. पहिल्या वर्षी ती बाजारातलं केशरी पाकीट घेऊन आली. साठ दिवसांनी सगळा वाफा भडक पेटला, आणि मधोमध एकच झाड वेगळं निघालं. फिकं, धुवट, कडेला उजेड पडला की आतून पाणी भरल्यासारखं दिसणारं. तपासनीस कारखान्याचे बूट घालून बाहेर पडत होता. त्यानं ते झाड पाहिलं आणि वाकून मुठीत धरलंसुद्धा. विचार करून नाही. वेगळं दिसलं की हात जायचाच. बायकोनं मनगट पकडलं. "हात लावून तर बघा," ती म्हणाली. मग तिनं त्याच्या डोळ्यांदेखत बाकीची सगळी केशरी झाडं उपटली, फुललेली, धडधाकट, आणि ते एकटं ठेवलं. दुसऱ्या वर्षी त्याच्या बियांतून निम्मी केशरी आली, तीही उपटली. तिसऱ्या वर्षी पाव, चौथ्या वर्षी दोन-चार. मग सगळा वाफा त्या एका रंगाचा झाला. "तूसुद्धा काढतेसच की," तो म्हणाला. "काढते. एक ठेवायचं असतं म्हणून," ती म्हणाली, "तुमचं तसं नाही." त्याला लागलं होतं ते. म्हणून त्यानं तिला सांगितलं की ह्या रंगाची बाटली आली तर आमच्याकडे फोडतात.

आणि ते त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. भट्टीत आज तपकिरी काच चालू असते, उद्या पांढरी हवी असते. पण भट्टी काही रिकामी करता येत नाही. जुन्या रसात नवा रस पडत राहतो आणि दोन-तीन दिवस मधल्याच रंगाच्या बाटल्या निघत राहतात. चहासारख्या, मग पातळ मधासारख्या, मग मध विसळलेल्या पाण्यासारख्या. त्यांत खोट काही नसते. मान सरळ, तळ सपाट, बुडबुडा नाही. पण त्या ना इकडच्या ना तिकडच्या, म्हणून सगळ्याच्या सगळ्या फोडून चुरा परत भट्टीत घालतात. कामगार त्याला फोडायचा रंग म्हणायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तपासनिसानं तसली एक रुंद तोंडाची बाटली जेवणाच्या डब्यामागं लपवून घरी आणली होती. का आणली ते त्याला तेव्हाही सांगता आलं नव्हतं. एकतीस वर्षांत त्यानं पडद्यासमोरून जाऊ दिलेली ती एकच. बायकोनं ती खिडकीत ठेवली, आणि फूल आलं त्या वर्षापासून तिच्यात बी भरायला लागली. रंग एकच होता. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि तोही ते लक्षात आल्याचं दाखवत नसे.

बसमधून उतरून तो गल्लीत शिरला. इस्त्रीवाल्याच्या दुकानातून वाफेचा वास येत होता, सायकलवाला पंक्चरच्या ट्यूबवर थुंकी लावून बघत होता, सगळं रोजच्यासारखं. ऊन चांगलं कडक होतं. असल्या उन्हात बायको ह्या दिवसांत वाफ्यापाशी पाटावर बसून विरळणी करायची. दाट उगवलेली रोपं काढून टाकायची, म्हणजे उरलेल्यांना जागा होते. रोप ओळखायचं कसं, तेही तिनं त्याला तीनदा सांगितलं होतं. पहिली दोन पानं प्रत्येकी टोकाशी चिरलेली, बेचकीसारखी. मग मागून येणारी पानं कोथिंबिरीहून बारीक, निळसर राखाडी. "बघून ठेवा, नाहीतर तण म्हणून उपटाल." त्यानं बघून ठेवलं होतं. गेले चाळीस दिवस तो रोज सकाळी वाफ्यापाशी उकिडवा बसून बघत होता. गवत आलं, ते काढलं. हरळी आली, ती काढली. बेचकी कुठंच नव्हती. कुठून असणार? आपणच काय केलं ते त्याला पक्कं माहीत होतं. तरी तो बघत होता.

मागच्या वर्षी बायको खिडकीशी पलंगावर पडून होती. दवाखान्यानं घरी पाठवलेलं. काय ते दोघांनाही ठाऊक, पण बोलायचं नाही. थंडी सरताना ती म्हणाली, "यंदा बाटलीतलं सगळं टाका. राखून ठेवू नका. मला दाट दिसलं पाहिजे." एरवी ती चमचाभर बी नेहमी मागं ठेवायची. त्यानं सगळं टाकलं. आणि त्याच वेळी, तेव्हाच, बी टाकायच्या आधीच, तिनं पुढचंही सांगितलं होतं. तीनदा. "फुलं मावळली की खुडत जा. खुडली नाहीत की झाडाला वाटतं आपलं काम झालं, मग ते शेंगा धरतं आणि फुलायचं थांबतं. खुडत राहिलात की ते पुन्हा पुन्हा फुलतं बिचारं. पण भिंतीकडची दहा-बारा झाडं सोडून द्या. त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या शेंगा वाळू देत. पुढच्या वर्षीचं बी तिथं आहे." तो हो म्हणाला होता. मुलांकडून म्हणवून घ्यावं तसं तिनं त्याच्याकडून म्हणवून घेतलं होतं. किती? दहा-बारा. कुठली? भिंतीकडची. काय करायचं नाही? हात लावायचा नाही.

भिंतीकडचा कोपरा पलंगावरून दिसत नसे, त्याला मात्र दिसायचा. वाफा असा फुलला होता की रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची, पोस्टमन पत्र देऊन उगीच दोन मिनिटं उभा राहायचा. आणि कोपऱ्यात ती बारा झाडं. पाकळ्या गळलेल्या, दांडे पिवळे, लांबट शेंगा वाकड्यातिकड्या वाळत चाललेल्या. रोज सकाळी तो कात्री घेऊन बाहेर यायचा आणि त्याची नजर सगळा वाफा सोडून तिकडेच जायची. घरात एक माणूस वाळत चाललं होतं. त्यानं बाहेर तरी ते बघायचं का? एका सकाळी त्यानं एक शेंग खुडली. दुसऱ्या दिवशी चार. आठवडाभरात कोपरा पुन्हा फुलांवर आला, एकसारखा, सबंध. बादलीभर अर्ध्या वाळलेल्या शेंगा त्यानं कचऱ्याच्या गाडीत टाकल्या आणि हात धुऊन आत आला. त्या क्षणी त्याला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं त्याला अजून आठवायचं. इतर कशाहीपेक्षा तेच जास्त आठवायचं.

"सोडलीत ना भिंतीकडची?" बायकोनं विचारलं.

"सोडली."

"किती?"

"बारा."

"अजून वाजत कशा नाहीत?"

ह्या फुलाच्या शेंगा वाळल्या की भर उन्हात आपोआप तडकतात आणि बी लांब उडवतात. टक् असा आवाज होतो, काडी मोडल्यासारखा. दर वर्षी ती शेंगांना कापडाच्या पिशव्या बांधायची आणि दुपारभर त्या पिशव्या वाजत राहायच्या. "ओल्या आहेत अजून," तो म्हणाला. ती रोज दुपारी खिडकी उघडायला लावायची आणि कान देऊन पडायची. गल्लीतल्या पोरांचा गलका झाला की हातानं खूण करायची, गप्प करा त्यांना. चार दिवस, पाच दिवस. तिचं ते ऐकत पडणं त्याला बघवेना. सहाव्या दिवशी तो जेवण झाल्यावर बाहेर आला, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला, आणि झाडूच्या काड्या एक-एक करून मोडल्या. घाईनं नाही. शेंगा काही एकदम तडकत नाहीत. एक मोडायची, शंभरापर्यंत अंक मोजायचे, मग दुसरी. डोक्यावर ऊन, मानेवरून घाम, आणि हा म्हातारा काड्या मोडतोय. आत गेला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. झोपली होती की नुसती पडली होती, हे त्यानं वाकून पाहिलं नाही. एकतीस वर्षं प्रत्येक वस्तू उजेडासमोर धरून पाहणाऱ्यानं तेवढं एक पाहिलं नाही.

त्याच दिवसांत लेकीचा फोन यायचा. ती दुसऱ्या शहरात लहान मुलांच्या दवाखान्यात परिचारिका. "कशी आहे आई?" "बरी आहे." "निघू का मी?" "जरा तरतरी येऊ दे तिला, मग ये. आत्ता बघवणार नाही तुला." तेसुद्धा तसंच, कोपऱ्यासारखं. चांगलं दिसेल तेव्हाच दाखवायचं. लेक आली ती एक दिवस उशिरा. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "रोज परक्यांच्या उशाशी बसते मी, बाबा. परक्यांच्या." आणि नंतर दहा महिने फोन नाही. बायको गेल्यावर आठवड्यानं त्यानं वाफा मुळापासून उपटून साफ केला. माती सारखी केली. कडेनं विटा लावल्या. लोक म्हणाले, किती नीट ठेवलंय.

आणि परवा फोन आला. "मी घर बदललंय. पुढं थोडी माती आहे, दिवसभर ऊन असतं. आईच्या दांडगीचं बी ठेवलंय ना तुम्ही?" दहा महिन्यांनी आलेला लेकीचा आवाज. तिनं दुसरं काही विचारलं असतं तर तो खरं बोलला असता, निदान त्याला तसं वाटत होतं. "ठेवलंय," तो म्हणाला. "मग येते शनिवारी न्यायला," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "जेवायला थांबेन."

घरी पोचल्यावर त्यानं पाकीट फाडलं. दाणे तेच, करडे, गोल, मोहरीपेक्षा लहान. दाण्यावरून रंग ओळखता येत नाही, जगात कुणालाच. खिडकीतली बाटली पुसून त्यानं ते तिच्यात ओतले, कागदी पाकिटाचे बारीक तुकडे करून कचऱ्याच्या तळाशी घातले, आणि भात टाकला.

लेक आली तेव्हा त्याला दारात दोन क्षण ती बायकोच वाटली. उन्हामुळं. जवळ आल्यावर कपाळावरची आठी दिसली, ती त्याची होती.

"वाळलात," ती म्हणाली.

"तूही."

"मी नाही हो, चांगली दोन किलो वाढलेय. तुम्हाला कुणाचं कौतुक करता येत नाही ते नाहीच." पण ती हसली. चपला काढून आत आली, स्वयंपाकघरात डोकावली, पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं, गॅस बारीक केला. घरात कुणीतरी काहीतरी न विचारता हलवतंय, हे त्याला कितीतरी दिवसांनी ऐकू आलं. जेवताना ती दवाखान्यातल्या गमती सांगत होती. एक मुलगा सुई टोचायच्या आधीच रडून घेतो आणि मग निवांत टोचून घेतो, म्हणतो माझं झालंय. तपासनीस हसला, खोकला लागेपर्यंत. पाणी पुढं करताना लेकीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, सवयीनं, परिचारिकेचा हात. तो हात तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं.

"द्या मग," ती हात पुसत म्हणाली.

त्यानं बाटली आणून दिली. लेकीनं ती घेतली आणि खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरली, हळूहळू फिरवली. लहानपणी हे त्यानंच शिकवलं होतं. रविवारी दुपारी बापलेक घरातल्या सगळ्या बाटल्या खिडकीत मांडून खोट शोधत बसायचे आणि जो आधी शोधेल तो जिंकायचा.

"बाबा," ती म्हणाली, "हे फार स्वच्छ आहे."

तो ताटं उचलायला वाकला.

"आईच्या बियांत नेहमी कचरा असायचा. फोलपटं, शेंगांचे तुकडे, एकदा तर मेलेली मुंगी निघाली होती. हे तर दुकानातून आणल्यासारखं दिसतंय."

"मी निवडलं," तो म्हणाला. "भिंग घेऊन."

लेकीनं वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "भिंग घेऊन," ती म्हणाली. "अर्थात. तुम्ही काय सोडताय." ती पलंगाच्या कडेवर बसली. आईच्या पलंगाच्या. "एक सांगू? आईनं माझ्याशी पैज लावली होती. फोनवर. म्हणाली, बघ, तुझे बाबा ती बारा झाडं ठेवणार नाहीत. वाळकं त्यांना बघवतच नाही. मी म्हटलं, ठेवतील. तू सांगितलंयस ना, ठेवतील. मग शेवटच्या आठवड्यात तिनं स्वतःहून फोन केला. म्हणाली, हरले गं बाई. शेंगा वाजल्या आज, मी कानांनी ऐकल्या." लेक बाटलीवरून अंगठा फिरवत होती. "रडत होती. मला वाटलं आनंदानं. तुमच्यावर इतके महिने राग धरला ना मी, पण दरवेळी हे आठवायचं. म्हणून तर आले."

रडत का होती, हे आता कुणालाच विचारता येणार नव्हतं. तपासनिसाच्या जिभेवर एक वाक्य आलं: शेंगा नव्हत्या, काड्या होत्या. ते चार शब्दांचं होतं, आणि बाटली अजून खिडकीच्या उजेडातच होती, आणि लेकीचा चेहरा अजून मऊ होता. तो चेहरा पुन्हा कधी तसा दिसेल ह्याची काय खात्री? "ऊन उतरायच्या आत निघ," तो म्हणाला.

ती पिशवी घेऊन पायऱ्या उतरली. तो मागं. वाफा मोकळा पडला होता, विटांच्या चौकटीत, सारवल्यासारखा सपाट.

"यंदा इथं काहीच कसं नाही?" लेक म्हणाली. "आई म्हणायची, खाली पडलेलं बी आपोआप उगवतं. नको म्हटलं तरी उगवतं."

"पडू दिलं तर ना. प्रत्येक शेंगेला पिशवी बांधली होती. एक दाणा मातीत पडू दिला नाही. सगळं तुझ्या त्या बाटलीत आहे."

"कमाल आहे तुमची." ती खाली वाकून चपलेचा पट्टा लावायला लागली, आणि तशीच वाकलेली थांबली. "मग हे काय?"

शेवटची पायरी आणि जमीन ह्यांच्यामधल्या फटीत बोटाच्या पेराएवढं रोप होतं. चाळीस दिवस तो वाफा बघत होता, विटांच्या आत. पायरीच्या फटीत बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. कुठल्या वर्षीची कुठली शेंग तडकून तिथं दाणा जाऊन पडला होता आणि आत्ता जागा झाला होता. खाली दोन पानं, टोकाशी चिरलेली, बेचकीसारखी. मधून एक तिसरं निघालं होतं, निळसर राखाडी, केसासारखं. बायको बोट लावून दाखवायची तसंच. हे एक रोप पुरलं असतं. पहिल्या वर्षीही एकच होतं.

"ह्याची पानं बघा ना कशी गोड आहेत. आईचंच तर नाही ना?"

एक दाणा मातीत पडू दिला नाही, असं त्यानं आत्ताच सांगितलं होतं, अजून त्या वाक्याचा वारा तोंडापाशी होता. आणि हे इथं वाढून फुललं, आणि साठ दिवसांनी तिच्या दारात सगळं भडक केशरी पेटलं, म्हणजे?

"तण आहे," तपासनीस म्हणाला.

"हो?" ती म्हणाली. "मग राहू कशाला द्यायचं?" आणि दोन बोटांत धरून तिनं ते उपटलं, झटकन, तिला शिकवलं होतं तसं, आणि रस्त्याच्या कडेला टाकून हात झटकले. "बघा. तुमचीच आहे मी." मग बाटली पिशवीत कपड्यांच्या घड्यांमध्ये नीट खोचून ती बसथांब्याकडे निघाली. वळणावर थांबून तिनं हात केला. त्यानंही केला. "फुलली की फोटो पाठवते," ती तिथून ओरडली. "साठ दिवस ना?"

"साठ," तो म्हणाला. तिला ऐकू गेलं नसावं.

ती दिसेनाशी होईतो तो उभा राहिला. मग खाली उतरून त्यानं ते रोप शोधलं. एका सायकलचं चाक त्याच्या वीतभर अंतरावरून गेलं होतं. त्यानं ते तळहातावर घेतलं, तरी सकाळच्या उन्हाचा ताठा त्यात अजून होता. मातीत बोटानं खड्डा करायच्या आधी, ओंजळीनं पाणी आणायच्या आधी, सगळं करून काही होणार नाही हे ठाऊक असताना ते करायला बसण्याच्या आधी, त्यानं सवयीनं ते वर उजेडासमोर धरलं आणि फिरवून पाहिलं. खोट काहीच नव्हती. मूळ तेवढं अर्ध्यावर तुटलं होतं.